मिरचीवाल्याचं बटन

प्रज्ञा,

आपलं शेवटचं भांडण मिरचीवरून झालं. लोकांचे शेवटचे शब्द कसे, 'जपून जा', 'जेवून घे' असे असतात. आपले काय, तर 'मिरचीच आहे' आणि 'मिरची नाही'. दुकानातल्या टेबलाच्या त्या बाजूला तू, ह्या बाजूला मी, आणि मध्ये धर्माबादच्या मिरचीवाल्या गंगाधररावांचं, दुरुस्तीला आलेलं, हातात धरून खेळायचं गेमचं मशीन. मी म्हणत होते, बटनात मिरचीची पूड गेलीय, उघड, साफ कर, देऊन टाक. तू म्हणत होतीस, उघडायचं नाही. मग करायचं काय, म्हटलं तर 'बघू' म्हणालीस आणि ओढणी झटकून घरी निघालीस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता छातीला हात लावून खाली बसलीस, ती पुन्हा उठली नाहीस.

भांडण अर्ध्यावर टाकून जायची तुझी जुनीच खोड. पण दर वेळी दुसऱ्या दिवशी येऊन तू ते जिथल्या तिथून पुन्हा सुरू करायचीस, म्हणून मी चालवून घ्यायचे.

तुझ्या जलदान विधीला भंतेजी अनित्यतेवर बोलले. जे जे उत्पन्न झालं ते ते नाश पावणार. मी मान डोलावली. रबराच्या बटनांवर पोट असलेल्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. कार्बन झिजतो, पट्टी तुटते, बॅटरी फुगते. पण तुझं वय झिजायचं नव्हतं. भंतेजींचा पूर्ण मान ठेवून सांगते, हे मला मान्य नाही. तिथं बोलले नाही, कारण आई शेजारी बसल्या होत्या आणि त्यांचा हात माझ्या हातात होता.

भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, नणंद-भावजयीचं इतकं कुठं जमतं का गं. त्यांना काय सांगायचं? आपलं जमायचं कमी आणि वाजायचं जास्त. प्रेम वगैरे नंतर आलं, आधी आपल्यात काम होतं. घरात तू मला 'वहिनी, तुम्ही' म्हणायचीस, कारण आईंसमोर दुसरं काही चाललं नसतं. वजिराबादेतल्या आपल्या दुकानाची पायरी चढलीस की 'ए वैशाली, पक्कड दे'. त्या एका पायरीवर मी वहिनीची वैशाली व्हायचे. एकदा जेवताना चुकून म्हणालीस, "वैशाली, मीठ सरकव," आणि आईंचा घास हातातच राहिला.

"कुणाला बोलून राहिलीस गं? वहिनी हाय ती तुझी."

"चुकलं आई," तू गंभीर तोंडानं म्हणालीस, "आज दुकानातलीच चुकून घरी आली."

तुझ्या दादाला हसून हसून ठसका लागला. आईंना काही कळलं नाही, पण पोरगा हसतोय म्हणून त्याही हसल्या. मला मात्र ते वाक्य फार आवडलं होतं. दुकानातली म्हणून कुणीतरी एक आहे, आणि ती मी आहे, हे मला तोवर कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

दुकानाची कल्पना माझी. मी चाकूरची, लातूरच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केलेला, हातात सोल्डरिंग. लग्न करून नांदेडला आले तेव्हा माझं सर्टिफिकेट साड्यांच्या घडीत पडून होतं. तू बी.कॉम. होऊन घरात बसलेली. लग्नाचा विषय निघाला की उठून मागच्या दारी कपडे धुवायला जायचीस. धुतलेलेच पुन्हा धुवायचीस. मग एक दिवस टीव्हीचा रिमोट बिघडला. आवाज वाढवायचं बटन चालेना, आई तो तळहातावर आपटून आपटून थकल्या. तू तो सुरीनं उघडलास, आतलं रबर साबणानं धुतलंस, दोरीवर चिमटा लावून वाळवलंस आणि रिमोट नव्यासारखा चालू केलास. दोरीवर तुझ्या दादाच्या बनियनशेजारी लटकणारं ते करडं रबर बघून मीच तुला विचारलं, दुकान टाकू या का?

वायर, बॅटरी, चार्जिंग माझं आणि बटनं तुझी, ही वाटणी आपण कधी केली नाही, ती पडली. आधी रिमोट यायचे, कॅल्क्युलेटर यायचे. मग ही हातातली गेमची मशीनं यायला लागली. मोबाइलवर सगळं फुकट असताना हे कोण दुरुस्त करून घेणार, असं मला वाटायचं. पण काही माणसांना बटन दाबल्याचं बोटाला कळावं लागतं, काचेवर बोट घासून त्यांचं समाधान होत नाही. एसटीचा ड्रायव्हर, रात्रपाळीची नर्स, माहूरच्या गडावर हळद-कुंकवाचं दुकान चालवणाऱ्या मावशी, कोण कोण यायचं. तक्रार सगळ्यांची एकच, "बटन काम करून नाही राहिलं."

आत जादू काही नसते. बटनाखाली मऊ रबर, रबराच्या पोटाला कार्बनचा काळा ठिपका, त्याखाली बोर्डावर दोन बारीक पट्ट्या. दाबलं की ठिपका दोन्ही पट्ट्यांना टेकतो आणि मशीनला कळतं. ठिपका झिजला, मध्ये घाण बसली किंवा रबर वाकडं झालं, की दाबणारा दाबत बसतो आणि मशीनच्या गावीही नसतं. उघडा, पुसा, मीटर लावा, वीज जाते असा मीटरचा आवाज आला तर ठीक, नाही आला तर रबर बदला. इतकं सरळ काम आहे हे.

पण सरळ करशील तर तू कसली. तू मशीन हातातच घ्यायची नाहीस. गिऱ्हाइकाला म्हणायचीस, "बसा. आधी खेळून दाखवा." तो बिचारा खेळायला लागला की तू स्क्रीनकडे न बघता त्याच्या अंगठ्याकडे टक लावून बसायचीस. गिऱ्हाईक लाजायचं. एसटीचा ड्रायव्हर तर घामाघूम झाला होता.

"अगं, तो हरून राहिला, तू काय बघून राहिलीस?" मी विचारायचे.

"अंगठा. कडेनं दाबतो हा. रबर डावीकडंच झिजलं असणार."

उघडलं की रबर डावीकडं झिजलेलं. कधी नसायचंही. हे मुद्दाम सांगते, कारण माणूस गेला की त्याचा नेम कधी चुकलाच नव्हता असं सगळे बोलायला लागतात. तुझा चुकायचा. चुकला की तू म्हणायचीस, रबर खोटं बोलतंय.

माझं म्हणणं असं की बिघाड बोर्डात असतो, माणसात नाही. नाचता येईना अंगण वाकडं, अशीच निम्मी गिऱ्हाइकं. हरतात आणि बटनाला नावं ठेवतात. तू म्हणायचीस, "मग आधी नाचणाऱ्याला बघायला नको का?" ह्यावर मी आवाज वाढवायचे. शेजारचा झेरॉक्सवाला मान बाहेर काढून बघायचा आणि पुन्हा आत घ्यायचा. त्याला सवय झाली होती.

आणि तो वर्ख! टाळेबंदीत पार्ट यायचे बंद झाले, तेव्हा आपल्याच गल्लीतल्या मास्तरांचं मशीन आलं. ठिपके पार गेलेले. तू घरात उरलेल्या बर्फीवरचा चांदीचा वर्ख बोटानं अलगद उचललास आणि कडेनं डिंक लावून रबराला चिकटवलास. म्हणालीस, चांदी आहे, वीज जाणारच. गेलीही. बटनं अशी चालली की मास्तर तुझे पाय धरायचे बाकी राहिले. दोनेक दिवसांनी तेच मास्तर मास्क लावून दारात. "प्रज्ञाताई, मी जेवून राहिलो होतो आन् हे आपलं आपणच खेळून राहिलं होतं. जिंकून पण राहिलं." उघडलं तर वर्खाचे कण बोर्डभर पसरलेले, सगळं आतून बर्फीसारखं चमकत होतं. मी पोट धरून हसले. तुझं म्हणणं शेवटपर्यंत एकच, वर्खात भेसळ होती. तुझी चूक नव्हती, बर्फीवाल्याची होती.

हे सगळं आठवत होते आणि तुझ्या दादानं दुकान बंद करायचा विषय काढला. तो वाईट माणूस नाही, तुला मी काय सांगू. तुझा फोटो मोठा करून आणला, तेव्हा फोटोवाल्याकडून घरापर्यंत पिशवीत न घालता छातीशी धरून आणला त्यानं. पण दुकानाचं नाव काढलं की त्याला सुधरत नव्हतं.

"दोघी होतात म्हणून चालून गेलं," तो म्हणाला. "निम्मं काम बटनाचं यायचं. ते आता कोण करणार? तुझ्याच्यानं होणार हाय का?"

आई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "त्या शटरवरनं जायचं झालं तर मी रस्ता बदलून जाते," त्या म्हणाल्या. "देऊन टाका कुणाला तरी."

त्यांच्यावर चिडता येत नव्हतं आणि मला तर चिडायचं होतं. मी म्हटलं, "तिच्या हातातली कामं पुरी करून देते. लोकांची मशीनं पडून हायेत. मग बघू." तुझाच 'बघू' वापरला मी. दादा म्हणाला, ठीक. पण दोघांनाही कळत होतं की ही कामं मला जमली नाहीत तर बोलायला पुढं काही उरणार नाही.

आता तुला म्हणून सांगते, दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. मला दुकान तुझी आठवण म्हणून नको होतं. आठवण ठेवायला दुकान लागत नाही, जागोजाग तू आहेसच. मला ते माझ्यासाठी हवं होतं. बंद झालं असतं तर मी घरात सून, बायको, सगळं राहिले असते आणि त्यात कमीपणा काही नाही. पण पायरी चढून जी बाई आत यायची, ती कुठं गेली असती? तू गेलीस तशी तीही गेली असती आणि तिचा कुणी विधीसुद्धा केला नसता.

तेव्हा मी तुझ्या टेबलावर बसले. एकेक मशीन उघडलं. रबरं धुतली, वाळवली, झिजलेली बदलली. तुझे हात बघून बघून मला बरंच येत होतं. तुला मात्र मी ते कधी कळू दिलं नाही, नाहीतर सगळंच माझ्यावर टाकून चहाला गेली असतीस. मशीनं चालू झाली, माणसं घेऊन गेली. शेवटी राहिलं एकच, गंगाधररावांचं. स्क्रूला हात लावलेला नव्हता.

ते स्वतःच आले. धर्माबादच्या मिरची बाजारातले अडते, बाजार थंडावला की गादीवर बसून विटा रचायचा गेम खेळणारे. त्यांचं मशीन आलं की आपण दोघी आधी शिंकायचो आणि मग नमस्कार करायचो. बाह्या दुमडलेला पांढरा सदरा, कपाळाला घाम. आत येऊन त्यांनी तुझ्या खुर्चीवर मला बघितलं.

"धाकट्या ताई न्हाईत?"

मी सांगितलं. ते स्टुलावर बसले. "अय्यो," म्हणाले आणि कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाले, "मला म्हणल्या होत्या, उघडत न्हाई, बेस्तरवारी परत या आन् माझ्यासमोर पुन्हा खेळून दाखवा. मी म्हणलं, येतो की. आन् बाजारात अडकून बसलो."

हे मला माहीत नव्हतं. तू त्यांना पुन्हा बोलावलं होतंस. मला नुसतं 'बघू'.

तरी मी माझ्याच पद्धतीनं गेले, प्रज्ञा. उघडलं. आणि काय सांगू, रबराखाली लालभडक मिरची! बारीक पूड, बटनाच्या भोवती रांगोळी काढल्यासारखी. मला इतका आनंद झाला की मान वळवून तुला दाखवायला गेले. मिरचीच होती गं. माझंच खरं होतं. शेजारी तू नव्हतीस, म्हणून मी ती गंगाधररावांना दाखवली. त्यांनी मान हलवली. त्यांना त्यात नवल काय वाटणार.

पुसलं, धुतलं, रबर नवं घातलं. मीटर लावलं, प्रत्येक बटनाला आवाज आला. मशीन पुन्हा जोडून स्वतः खेळून बघितलं, एकूण एक बटन चाललं. त्यांच्या हातात दिलं. त्यांनी विटा रचायला घेतल्या आणि दुसऱ्याच ओळीला थांबले.

"न्हाई ताई. तसंच हाय. हे उजवीकडलं लागून नाही राहिलं."

मी घेतलं, चाललं. त्यांना दिलं, बंद. पुन्हा घेतलं, चाललं. नेमका तेव्हाच तुझा दादा माझा डबा घेऊन दारात उभा. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी वाचलं, बघ, म्हणालो होतो ना.

माझा पारा चढला. "गंगाधरराव, मशीन चांगलं आहे. माझ्या हातात चालतंय."

"माझ्या हातात बंद पडून राहिलं, मंजे मी खोटं बोलून राहिलो का?" त्यांचाही चढला.

नाचता येईना, हे माझ्या ओठापर्यंत आलं होतं. पण हा माणूस वर्षानुवर्षं तोच गेम खेळतोय. त्याला नाचता येतं. अंगण मी आत्ताच झाडून काढलंय. मग? मी दादाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि तोंडातून तुझंच वाक्य गेलं.

"बसा. आधी खेळून दाखवा."

मी स्क्रीनवरची नजर काढली. मला ते किती अवघड गेलं म्हणून सांगू, विटा पडताना दिसल्या की डोळे तिकडेच जातात. अंगठ्याकडे बघितलं. डावा अंगठा टुणटुण उड्या मारत होता. उजवा दाबतच नव्हता. तो बटनावर जायचा, आणि दाबायच्या ऐवजी मनगट पुढं ढकललं जायचं, अंगठा घसरून कडेला पडायचा. त्यांना मात्र वाटत होतं, आपण दाबतोय.

"दोन्ही हात टेबलावर ठेवा," मी म्हटलं. "तळवे वर."

डाव्या अंगठ्याच्या बुडाशी मांस कसं भरलेलं होतं, भाकरी थापणाऱ्या बाईचं असतं तसं. उजव्याला तिथं खळगा. मग माझं लक्ष बाह्यांकडे गेलं. दुमडलेल्या, दोन्ही, म्हणजे मनगटाची गुंडी लावायलाच नको.

"गंगाधरराव, सदऱ्याच्या गुंड्या कोण लावतं?"

ते खाली बघून म्हणाले, "घरची लावती."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून असंल. बोटं लई जळजळ करायलीत ताई. अंगठा आन् ही दोन. सकाळी उठलं की मुंग्या. तिला म्हणलं, मिरची भिनली हाताला, माझ्यानं गुंडी सुटून नाही राहिली, तू लाव."

"आणि औषध?"

"दही लावून बसतो की. मिरचीला दहीच."

मिरचीवाल्याचा हात जळतो, तर मिरचीनंच जळणार. त्यांना तसं वाटलं, त्यांच्या घरच्यांना तसं वाटलं, आणि त्या दिवशी मशीन बघून मलाही तसंच वाटलं होतं. एकटी तू म्हणालीस, मिरची नाही. मी बटनाबद्दल बोलत होते. तू हाताबद्दल बोलत होतीस. एकाच टेबलावर बसून आपण दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत होतो आणि ते तुला माहीत होतं.

"हे बटनाचं नाही," मी त्यांना म्हटलं. "हाताचं आहे. डॉक्टरला दाखवा. आजच दाखवा."

त्यांचा चेहरा पडला. "लकवा हाय का?"

"मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. पण मशीनमध्ये दोष नाही हे मी छातीठोक सांगते. ते मी आतून बाहेरून तपासलंय. आणि बिघाड मशीनमध्ये नसेल तर तो दुसरीकडं आहे. थांबू नका."

इथं थोडं थांबून तुला ऐकवायचंय. अंगठा तू बघायला लावलास, कबूल. पण मशीन चांगलं आहे हे मी त्यांना इतकं ठणकावून कशाच्या जोरावर सांगितलं? बोर्डाच्या. मीटरच्या. नुसता अंगठा बघून तूसुद्धा खात्रीनं बोलू शकली नाहीस, म्हणून तर त्यांना पुन्हा या म्हणालीस. माणसाच्या हाताला दोष आहे हे अंदाजानं बोलू नये, एवढी तुला अक्कल होती. मला सांगितलं असतंस तर मी त्याच संध्याकाळी बोर्ड तपासून दिला असता. आपण दोघींनी मिळून ते एका बैठकीत शोधलं असतं. ते राहिलं. त्याचं मला वाईट वाटतं आणि तुझा रागही येतो, दोन्ही एकाच वेळी.

दादानं डबा टेबलावर ठेवला आणि खिशातून गाडीची किल्ली काढली. "चला काका, मी सोडतो," म्हणाला. गंगाधरराव उठले. गाडीवर मागं बसताना त्यांनी डाव्या हातानं दादाचा खांदा धरला. उजवा मांडीवर तसाच ठेवला होता.

बरेच दिवस काही कळलं नाही. मशीन तुझ्या टेबलावर पडून, मी येता-जाता त्याच्याकडे बघायचे. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. मनगटातली नस दबली होती. अंगठ्याला जाणारी तीच, जळजळ तिचीच. छोटं ऑपरेशन झालं, आता हात गळ्यात बांधलेला. डॉक्टर म्हणाले, अजून अंगावर काढलं असतं तर गेलेली ताकद आली नसती. आता येईल, वेळ लागेल, पण येईल. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, तुम्हाला कुणी पाठवलं? ते म्हणाले, व्हिडिओ गेमवाल्या ताईनं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं.

"ताई," गंगाधरराव शेवटी म्हणाले, "मिरची न्हवती."

मी हो म्हटलं, फोन ठेवला, आणि तुझ्या टेबलावर डोकं ठेवून रडले. घरी सगळे होते तेव्हा मी आईंना धरून बसले होते, रडायची पाळी माझ्यावर आलीच नव्हती. त्या दुपारी आली. झेरॉक्सवाल्यानं मान बाहेर काढून बघितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो आत गेला नाही. पाण्याची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली आणि तिथंच उभा राहिला.

तुझी आठवण येते, प्रज्ञा. साधी, रोजची येते. पक्कड लागली की हात पुढं जातो आणि कुणी देत नाही. मी कशाला तरी हसले की कुणी 'काय झालं' विचारत नाही. भांडायला कुणी नाही हे तर सगळ्यात वाईट. गिऱ्हाइकाशी भांडून चालत नाही, नवऱ्याशी भांडण्यात ती मजा नाही. तू मला जे शिकवलंस ते शिकवते आहेस असं न दाखवता शिकवलंस, आणि मी शिकते आहे असं न दाखवता शिकले. आपण दोघीही हट्टी. त्याचं मला आता बरंच वाटतं. गोड गोड बोलून आपण इतकं काही केलं नसतं.

त्या रात्री जेवताना दादानं आईंना सगळं सांगितलं. हात कसा होता, गुंड्यांचं कसं विचारलं. आई ताटाकडे बघत ऐकत होत्या.

"आपली प्रज्ञा बघायची तसंच बघितलंस का गं?" त्यांनी मला विचारलं.

"तसंच म्हणता येणार नाही," मी म्हटलं. "पण बघितलं."

मग भाजी वाढताना त्या म्हणाल्या, "सकाळी लवकर जात जा. उशिरा उघडलं की गिऱ्हाईक फिरून जातंय." दादानं माझ्याकडे बघितलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. दुकान द्यायचं की ठेवायचं, ह्यावर आमच्या घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

काल सकाळी लोह्याहून एक कॉलेजची मुलगी आली. पाठीवर सॅक, हातात मशीन, चेहऱ्यावर रात्री हरल्याचा राग. डावीकडं दाबलं की उजवीकडं जाऊन राहिलं, म्हणाली. मी तिला बसवलं, खेळायला लावलं, अंगठा बघितला. खूप वेळ बघितला. खरं सांगते, मला त्यात काही म्हणजे काहीच दिसलं नाही. मग मी स्क्रू काढायला घेतले.

तिला धीर नव्हता. ती आजूबाजूला बघायला लागली, कुणी मोठं, जाणतं माणूस आत बसलंय का म्हणून.

"बटनाचं इथं कोण बघतं?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हटलं.